बिघडलेला जॉब

शनिवारी अंबड गप्प असतं.
एक्स्लो पॉइंटच्या मागच्या गल्लीत
माझ्या शेडचं शटर मात्र अर्धं वर.
आत पाच स्टुलं, मधे उपडं घातलेलं पिंप,
थर्मासभर चहा, चिवड्याची पुडी.
निरोप धाडला होता सगळ्यांना: या,
धातूत हात काळे केलेली माणसं आपण, बोलू काहीतरी.

पहिल्या शनिवारी चहा संपला.
दुसऱ्या शनिवारी चिवडाही.
बोललं कुणी नाही.
टूलरूमचा मुश्ताक मणियार, मायक्रॉनच्या हिशोबात हसणारा,
त्यानं खिशातून व्हर्नियर काढून
माझ्या कपाच्या काठाची जाडी मोजली
आणि आकडा स्वतःजवळच ठेवला.
हर्षला गांगुर्डे, आर्गॉनवर वेल्डिंग करते,
कोपऱ्यातलं स्टूल धरून
मनगटावरचे भाजल्याचे ठिपके चाचपत बसली.
तांबट आळीतून आलेले विसूकाका करडे
ऐकू येत नाही हे लपवायला
मधून मधून "हो" म्हणत होते.
कुणी काही विचारलेलं नसतानाही, हो.

बायको म्हणाली, पाहुणे बसवतात तसं काय बसवता?
हाताला काही द्या त्यांच्या.

तिसऱ्या शनिवारी मी भंगाराच्या पेटीतून
माझाच एक शाफ्ट काढला,
एकोणीस वर्षं तळाशी दडवलेला.
एका टोकाला दोन दशांश कमी.
तेव्हा मालकाला सांगितलं होतं, मटेरियल खराब.
पिंपावर ठेवला. म्हणालो,
हा मी बिघडवला. कसा, ते अजून कळलं नाही.

मुश्ताकनं उचलला, उजेडात फिरवला.
"टेपर आलाय. टेलस्टॉक सरकला होता तुमचा.
मटेरियल बिचारं काय करेल?"

हर्षलानं मग पिशवी उघडली.
स्टेनलेसचा पाइप, सांध्याच्या शेवटाला
केसाएवढी चीर.
"तीनदा भरली, तीनदा फुटली.
साहेबांना विचारलं तर म्हणतात, म्हणून बायकांना…"
पुढचं तिनं गिळलं.

विसूकाकांनी चिरेवरून अंगठा नेला.
ऐकलं काहीच नव्हतं, तरी बोलले,
बहिऱ्या माणसाच्या चढ्या आवाजात:
"ठोकून ठोकून तांबं अंग धरतं, पोरी.
त्यावर आणखी ठोकलं की फाटतं.
आम्ही थांबतो. लाल करतो,
पाण्यात सोडतो, पुन्हा मऊ येतं."
"पाण्यात?" मुश्ताक उठलाच.
"पाण्यात टाकलं की कडक होतं, काका!"
"ते तुझं पोलाद."
"असं कसं?"
"असंच."

आणि जुंपली.
पिंपावर खडूनं आकृत्या, त्यांवर चहाचे ओघळ,
काका हातोडी शोधायला लागले, मुश्ताक पुरावा.
शेजारच्या शेडमधला पॉलिशवाला रामसेवक
शटरखालून वाकून आत आला.
"झगडा है क्या?"
नाही रे, म्हणालो, बस. स्टूल नाही, डब्यावर बस.

त्यानंच पाइप नखाशी धरला.
"दीदी, आखिर में टॉर्च झट से उठाती हो क्या?
गड्ढा रह जाता है. पॉलिश में हमको रोज़ दिखता है."
हर्षला बघत राहिली.
रोज दिखता है, आणि सांगितलं नाही कुणाला?
"किसी ने पूछा नहीं."

काय म्हणाला, काय म्हणाला, काका विचारत होते.
ती त्यांच्या कानाशी वाकून ओरडली:
"शेवट तोडायचा नाही, काका!
धग हळूहळू कमी करत न्यायची!"
"मग?" काका म्हणाले. "मी काय वेगळं सांगत होतो?"

चीर त्या दिवशी भरली नाही. मशीनच नव्हतं माझ्याकडे.
निघताना मुश्ताकनं किक मारली, पुन्हा बंद केली,
"त्या तांब्याचं काही पटत नाही मला.
पुढच्या शनिवारी करून दाखवाल?"
"हो," काका म्हणाले.

या वेळी ऐकलं होतं का, कुणास ठाऊक.
गल्लीत अंधार पडला होता
आणि पाचही जण अजून
गाड्यांना टेकून उभे होते.